तीन मण पिठातली कच

बालाघाटाच्या कुशीत हिवरदरी नावाचं गाव. गावाच्या उगवतीला ओढा, ओढ्याच्या काठावर महादेवाचं जुनं देऊळ, आणि त्या देवळाच्या ओसरीवर गोंदाजी महाराजांचं आसन. महाराज कुठून आले, कोणाचे कोण, हे गावानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. अंगावर एक उपरणं, हाताशी एक पितळी तांब्या आणि ओठांत नाम, एवढाच संसार. कोणी पाया पडलं तरी हसायचे, कोणी शिव्या घातल्या तरी हसायचे. शिव्या देणारे दोन-चारदा देऊन कंटाळले. पाया पडणारे मात्र वाढत गेले.

त्या देवळाला सगळं होतं, फक्त कळस नव्हता. गावानं ठरवलं, चैत्रातल्या सोमवारी कळस चढवायचा आणि आसपासच्या नऊ गावांना जेवू घालायचं. महाराजांनी मान डोलावली, पण एक अट घातली.

महाराज म्हणाले, "कळस चढेपर्यंत सगळ्यांनी उपास धरावा. आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी इथंच, देवापुढं तो सोडावा. एक जरी माणूस उपाशी परत गेलं, तर आमचं आसन इथून उठलं असं समजा."

महाराज बोलले म्हणजे बोलले. अट अवघड होती, पण तोंडानं सगळे "होय महाराज" म्हणाले.

आता जनकाबाईचं ऐका. जनकाबाई म्हणजे हिवरदरीची पाटलीण. चालायला लागली की जोडव्यांचा आवाज आधी यायचा, बाई मागून. चार मुलगे, चार सुना, दारात दहा गुरं, आणि घरात दळायची तीन जाती. बाई कामाला वाघीण होती, ते नाकारून चालायचं नाही. पण देवानं तिला डोळे दिले होते ते दुसऱ्याकडं बघायला. कोणाच्या पुरणात जायफळ जास्त झालं, कोणाच्या लुगड्याचा पदर मळला, कोणाची सून पाण्याला जाताना हसते, कोणाच्या भाकरीला चिरा पडतात, सगळं तिला दिसायचं. दिसलं की बोलायची. बोलली की चारचौघांत बोलायची. आणि खोटं कशाला सांगा, तिचं बहुधा खरंच असायचं. म्हणून तर ते जास्त झोंबायचं.

भंडाऱ्याला तीन मण गव्हाचं पीठ लागणार होतं. जनकाबाई देवळात जाऊन भर बैठकीत म्हणाली, "दळण माझ्या घरी. दुसऱ्या कोणाच्या जात्यावर माझा विश्वास नाही. सोमवारी सूर्य डोक्यावर यायच्या आत पीठ इथं पोचलं नाही, तर जनकाबाई नाव लावणार नाही."

"बरं," महाराज म्हणाले. "आणि गहू निवडायचं कोणाकडं द्यावं?"

मागून एक बारीक आवाज आला. "महाराज, निवडणाची सेवा मला द्या."

ती सुताराची केवळा. नवरा वारल्यावर लोकांचं धान्य निवडून, पाखडून पोट भरायची. रोज कामावरून परत जाताना देवळाच्या पायरीला डोकं टेकवायची, दोन फुलं ठेवायची आणि निघून जायची. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

जनकाबाई हसली. "घ्या! हिच्या हातचे गहू माझ्या जात्यात? अहो महाराज, सेवा द्यायची तर माणूस बघून तरी द्यावी. गेल्या वर्षी हिनं निवडलेल्या तुरीत मला खडा लागला होता, माझी दाढ अजून दुखते."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"सेवा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं," महाराज म्हणाले. "केवळे, गहू तू निवड."

झालं. केवळा चार दिवस पाटलांच्या पडवीत बसून गहू निवडत होती, आणि जनकाबाई येता-जाता टोमणे मारत होती. "अगं, गव्हाकडं बघ, देवाकडं काय बघतीस!" केवळा म्हणायची, "बघते, पाटलीणबाई," आणि परत सुपात मान घालायची.

रविवारी दुपारी टाकीवाली आली. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दळण चांगलं पडत नाही. मग टाकीवाल्या बाईकडून दगडाला बारीक खाचा पाडून घ्यायच्या. जनकाबाईनं तिन्ही जात्यांना टाकी लावून घेतली. आता टाकी लावली की दगडाची काळी कच सुटते. म्हणून चांगल्या घरात एक रीत असते. त्या जात्यावर आधी दोन-चार ओंजळी भरड दळायची, ती उकिरड्यावर टाकायची, जातं पुसून घ्यायचं आणि मगच माणसाच्या तोंडचं दळण घालायचं. ही रीत गावातल्या निम्म्या सुनांना जनकाबाईनंच शिकवली होती. एकदा एका सुनेनं ती चुकवली, तर तिच्या हातची भाकरी जनकाबाईनं अंगणात फेकून दिली होती, सगळ्या आळीदेखत.

त्या दिवशी टाकीवाली जायला उशीर झाला. गहू तीन मण. जाती तीन. जनकाबाईनं घाईघाईनं सुनांना जात्यावर बसवलं आणि पहिली ओंजळ गव्हाची घातली.

धाकटी सून सगुणा हळूच म्हणाली, "आत्याबाई, टाकी आत्ताच लागलीय. आधी भरड काढू या का?"

जनकाबाईलाही तेच आठवलं होतं. त्याच क्षणी आठवलं होतं. हात जात्याच्या खुंट्यावरून उचलणारच होती ती. पण सून बोलली, आणि बाकीच्या तिघी सासूच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"तू मला शिकवणार? तुझ्या आईच्या घरी जातं तरी होतं का?" जनकाबाई कडाडली. "दळा मुकाट्यानं!"

सगुणानं खुंट्याला हात घातला. दोन पायल्या दळून झाल्यावर जनकाबाईनं पीठ चिमटीत धरून बघितलं. बोटांना काहीतरी टोचलं. "तीन मणांत एवढंसं काय कळतंय," असं मनाशी म्हणून तिनं ते पीठ मोठ्या ढिगात मिसळून टाकलं.

सोमवार उजाडला. नऊ गावांची माणसं बैलगाड्या जुंपून आली. पीठ वेळेवर पोचलं, जनकाबाई मिरवून आली. कळस मात्र लवकर बसेना. दोर तुटला, परत बांधला, गवंड्यांना घाम फुटला. कळस बसला तेव्हा दिवस कलला होता. लोकांनी गजर केला. उपाशी पोटीही काय आवाज होता तो! ओढ्याच्या पलीकडचे मोर घाबरून उडाले.

वीस चुली पेटल्या होत्या. पहिली पोळी देवाला दाखवली आणि प्रसाद म्हणून महाराजांच्या हातावर ठेवली. सगळे बघत होते. महाराजांनी घास तोंडात घातला.

कर्र!

दातांखाली कच वाजावी तसा आवाज आला, आणि तो पहिल्या दोन रांगांनी ऐकला. महाराजांनी घास शांतपणे गिळला. शेजारी बसलेल्या पुजाऱ्यानं मात्र त्याच पोळीतला आपला घास थू करून टाकला. चुलीजवळच्या बायकांनी पिठाची चिमूट जिभेवर ठेवून बघितली, दुसऱ्या टोपलीतली बघितली, तिसरीतली बघितली. सगळीकडं कच.

काय झालंय ते जनकाबाईला एका क्षणात कळलं. आणि कळलं तशी तिची जीभ पुढं धावली.

"निवडणारीला विचारा!" ती ओरडली. "मी तेव्हाच सांगितलं होतं, हिच्या हातचे गहू नकोत. देवाच्या ताटात खडे घातले या बाईनं!"

लोक केवळेकडं वळले. कोणी म्हणालं, "काढा तिला बाहेर." कोणी म्हणालं, "पाय ठेवू देऊ नका देवळात." केवळा पुढं आली.

"महाराज, माझ्याकडून राहिले असतील," ती म्हणाली. "ऊन उतरलं की मला बारीक दिसत नाही. दोन वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काम जाईल, आणि ही सेवाही जाईल, म्हणून लपवलं. रोज दिवेलागणीपर्यंत निवडत बसले. माझं चुकलं."

"ऐकलंत?" जनकाबाई म्हणाली. "तोंडानं कबूल झाली!" पण बोलताना तिला आपलाच आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला.

महाराज उठले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर अंथरलं आणि पिठानं भरलेलं एक सूप त्यावर ओतायला सांगितलं. मग दोन्ही हात त्या पिठावरून फिरवले, लेकराच्या अंगावरून फिरवावेत तसे. आणि काय सांगावं! पीठ धुरासारखं वर उठलं, सुपात जाऊन परत बसलं, आणि उपरण्यावर उरले दोन ढीग. एका बाजूला मोहरीएवढे सात-आठ पांढरे खडे, शेतातल्या मातीचे. दुसऱ्या बाजूला ओंजळभर काळी कच. तीन मणांतली सगळी कच त्या एका सुपातून कशी निघाली, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं समजून घ्यावं. महाराजांपुढं असले हिशेब चालत नव्हते.

काळा ढीग दिसताच महाराजांनी उपरण्याचं टोक पटकन दुमडून त्यावर टाकलं. लोकांना काय होतं ते दिसलंही नाही. दिसलं फक्त जनकाबाईला, कारण तीच सगळ्यांत जवळ उभी होती. काळा दगड जात्याचाच असतो, हे तिला सांगायची गरज नव्हती.

महाराज म्हणाले, "पिठातलं सगळं इथं आलेलं आहे. पण जोवर हे इथं पडलंय, तोवर तिकडचं पीठ गोड व्हायचं नाही. ज्याचं त्यानं उचलावं आणि ओढ्यात सोडावं."

केवळा खाली वाकली. पांढरे खडे तिनं एक एक करून वेचले, तळहातावर घेतले आणि ओढ्यात सोडून आली. काळ्या ढिगाकडं कोणी गेलं नाही.

"अहो, कोणाचं का असेना, टाकून द्या!" मागून कोणी ओरडलं. तालमीतला भैरू पुढं झाला. त्यानं ते दुमडलेलं टोक धरून ओढलं. हलेना. दोन्ही हात लावले, पाय रोवले, मानेच्या शिरा फुगल्या. ओंजळभर कच, पण जागची हलेना! मग खुद्द पाटील पुढं आले. "बाजूला हो रे," म्हणाले, कमरेत वाकले, जोर केला, आणि डोक्यावरचं पागोटं निसटून चुलीजवळच्या राखेत पडलं. उपाशी असूनही लोक हसले. नवऱ्याची ती फजिती बघून जनकाबाईच्या कानशिलांना आग लागली.

हसू फार वेळ टिकलं नाही. दिवस बाभळीच्या शेंड्याला टेकला होता. लेकरं रडायला लागली. लांबच्या गावचे दोघे-तिघे उठून बैलांना जू लावायला निघाले. "चला, नशिबात नाही," म्हणत होते.

ते बघून महाराजांनी आपला तांब्या उचलला. ओसरीच्या पायऱ्या उतरायला लागले.

केवळा धावली आणि महाराजांच्या वाटेत आडवी झाली.

"महाराज, जाऊ नका! तेही माझंच म्हणा. मी उचलते."

"केवळे," महाराज म्हणाले, "तुझं होतं ते तू उचललंस. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणं हाही खोटेपणाच. आणि त्यानं ज्याचं त्याला काय मिळतं?"

जनकाबाई खांबासारखी उभी होती. तिचं मन अजून पळवाटा शोधत होतं. पांढरे खडे होतेच ना त्यात? म्हणजे केवळा चुकलीच ना? मग मी काय खोटं बोलले? हे सगळं खरं होतं. आणि तरीही ते ओंजळभर काळं तिच्या छातीवर ठेवल्यासारखं जड होत चाललं होतं. तिनं मान वळवली तर समोर सगुणा. सुनेच्या डोळ्यांत राग असता तर जनकाबाईला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता आलं असतं. सगुणा घाबरली होती. सासूचं आता काय होणार, या काळजीनं तिचं तोंड सुकून गेलं होतं.

जनकाबाई पुढं झाली. उपरण्याजवळ बसली. "थोडी कच जात्याचीही असेल," ती पुटपुटली आणि टोक उचलायला गेली.

ढीग बोटभर उचलला गेला आणि परत धपकन खाली बसला.

"अर्धं बोललीस, अर्धं उचललं," महाराज पायरीवरूनच म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट हसू होतं.

मग जनकाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर गावासमोर, नऊ गावांसमोर, नेहमीच्याच खणखणीत आवाजात बोलली.

"काल टाकी लावली आणि भरड काढली नाही. मी. विसरले नव्हते. सुनेनं आठवण केली होती, आणि सुनेनं केली म्हणूनच मी काढली नाही. पीठ टोचत होतं तेही कळलं होतं. ते पीठ मी माझ्या हातानं मिसळलं. आणि आज ते केवळेवर ढकललं. तिचे सात-आठ खडे होते. माझी ओंजळभर कच आहे."

असं म्हणून तिनं हात घातला, आणि ती कच कापसाच्या बोंडासारखी अलगद उचलली गेली! बाई ओढ्याकडं चालत गेली. पाण्यात हात सोडला.

आता माणसांची जात बघा. बाई परत येते न येते तोच एक म्हातारी उठली. "का हो पाटलीणबाई, माझ्या पुरणातलं जायफळ गावभर सांगत होता ना?" दुसरी म्हणाली, "माझी भाकरी अंगणात फेकली होती, आठवतं का?" भैरूच्या आईनं तर टाळीच वाजवली. ज्याला त्याला जुनं आठवायला लागलं. एकदा सुरुवात झाली की दहा तोंडं उघडतात. जनकाबाई खाली मान घालून ऐकत राहिली. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

महाराज वळले. जमिनीवरच्या उपरण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "अजून अंथरलेलंच आहे. तिचं तिनं उचललं. आणखी कोणाला आपलं काही ठेवायचं असेल, तर या."

म्हातारी हळूच खाली बसली. टाळी वाजवणारीनं हात पदराखाली घेतले.

केवळा मात्र उठून जनकाबाईजवळ गेली. "पाटलीणबाई," ती म्हणाली, "ऊन उतरल्यावर मला निवडण देऊ नका. सकाळी द्या, सकाळी माझी नजर चांगली असते."

जनकाबाईनं तिच्याकडं बघितलं. टोमणा न मारता तिनं नुसती मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच तसं झालं असेल.

"देईन," ती म्हणाली. "आणि माझी जीभ सुटली की तू मला तोंडावर सांग. एकांतात नको, चारचौघांतच सांग. एकांतात सांगितलं तर मी ऐकणार नाही, मला माझं ठाऊक आहे."

केवळेला हसू आलं. मग जनकाबाईलाही आलं.

"आत्याबाई," सगुणा चुलीजवळून ओरडली, "पीठ बघा! पीठ बघा!" तिनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं होतं. कच नाही, काही नाही. लोण्यासारखं मऊ पीठ. तिन्ही टोपल्या तशाच!

मग काय विचारता! वीस चुलींवर पोळ्या फुगायला लागल्या. जनकाबाई स्वतः पोळपाटाला बसली, एका बाजूला केवळा गोळे करून देत होती, दुसऱ्या बाजूला सगुणा भाजत होती. जू लावून निघालेले लोक परत फिरले. पंगतीमागून पंगत बसली. जनकाबाईच्या पोळीला एका ठिकाणी भोक पडलं, तर वाढणाऱ्या बाईनं तिच्याकडं भीत भीत बघितलं. "वाढ," जनकाबाई म्हणाली, "भोकासकट गोड लागेल." शेवटची पंगत वाढून झाली तेव्हा सूर्याची नुसती कड डोंगरावर उरली होती. एकही पाहुणा उपाशी गेला नाही. महाराजांनी तांब्या ओसरीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

तेव्हा जनकाबाई पिठानं भरलेल्या हातांनीच आली. इतकी वर्षं ती देवळात यायची, महाराजांना लांबून हात जोडायची आणि पुढं जायची. पाटलीण कोणाच्या पायावर डोकं ठेवणार! त्या संध्याकाळी तिनं ओसरीच्या पायरीवर गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर कपाळ ठेवलं. रडू आलं ते तिनं आवरलं नाही.

"महाराज, एवढी वर्षं लोकांचंच बघत बसले," ती म्हणाली. "आता माझं बघायला बसले तर उरलेला जन्म पुरायचा नाही."

महाराज मोठ्यानं हसले. पुढं वाकून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुरेल, पुरेल," ते म्हणाले. "आज पहिलीच ओंजळ काढलीस. आता ऊठ बाई, तू, केवळा आणि सगुणा सकाळपासून उपाशी आहात. दिवस बुडतोय. आधी जेवा."